खिंडीतली काटी

कापड्याहून कुडपणच्या पठारावर मी जानेवारीतल्या एका गुरुवारी सोंडेच्या वाटेने एकट्याने चढून गेलो. थांबे धरून दोन तास चाळीस मिनिटं लागली. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी सातला निघावं, माणशी दोन लिटर पाणी घ्यावं आणि बुटांचे तळवे झिजलेले नाहीत ना ते आधी पाहावं. खरं तर एवढी माहिती द्यायलाच मी लिहायला बसलो होतो. पण त्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते वगळलं तर ही माहिती अपुरी राहील. म्हणून सगळंच लिहितो.

माझं मूळ गाव माणदेशात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागून बावीस वर्षं झाली. काम यंत्रांवरचे आकडे पाहण्याचं. तापमान, दाब, पातळी, दर तासाला एक नोंद. पहिल्या पाळीला जाताना, हवा स्वच्छ असेल तर, पोलादपूरच्या बाजूचे डोंगर दिसतात. त्यातल्या एका डोंगराचा लांब कणा हत्तीच्या सोंडेसारखा थेट खाली उतरलेला आहे. इकडे अशा कण्याला सोंडच म्हणतात. बावीस वर्षं ती पाहत होतो. आमच्या पाळीतले तिघे बरोबर यायचे ठरले होते. बुधवारी संध्याकाळपर्यंत एकाला पाहुणे आले, एकाची कंबर धरली आणि तिसऱ्याने फोनच उचलला नाही.

"मग तुम्हीपण नका जाऊ," बायको म्हणाली.

"सुट्टी मांडून ठेवली आहे."

"सुट्टी काय नासते का?"

पण पहाटे उठून पोळ्या तिनेच करून दिल्या. सहा पोळ्या, मेथीची भाजी, आणि एका पुडीत शेंगदाण्याची चटणी.

कापडे

मोटारसायकल कापड्यात एका चहाच्या टपरीसमोर लावली. टपरीवाल्याने माझी काठी, पाठीवरची पिशवी आणि डोक्यावरची टोपी क्रमाने पाहिली.

"एकलेच?"

"एकटाच."

"घरात भांडन झालंय काय?"

नाही म्हणालो. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. चहा मात्र चांगला होता, आलं घालून उकळलेला. दुसरा कप घेतला आणि सात वाजून दहा मिनिटांनी चालायला लागलो.

भात कापून झालेली खाचरं होती, त्यात खालच्या ओलीवर वाल लावलेला. वालाला फुलं आली होती आणि पानांवर दव होतं. आमच्या माणदेशात एवढ्या पाण्यावर दोन घरांचं भागलं असतं, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. बावीस वर्षांत ती खोड गेलेली नाही. खाचरांच्या शेवटच्या बांधापासून सोंड सुरू होते. पहिला अर्धा तास ऐन आणि किंजळाची झाडी आहे, सावलीची. त्यानंतर झाडी संपते आणि कमरेएवढं वाळलेलं गवत लागतं. इथे जपून. वाळकं गवत बुटाखाली तेलासारखं सटकतं. मी एकदा बसलोच, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उजव्या बाजूने घरंगळत गेलं ते कारवीत कुठेतरी राहिलं. पुढचा सगळा दिवस बाटली तिरकी न करता नेण्यात गेला.

साडेआठला उन्ह सोंडेवर आलं. सावित्रीच्या खोऱ्यात धुकं भरलेलं होतं आणि त्याच्या पार महाडकडे कारखान्यांच्या चिमण्यांची टोकं वर आलेली. अकरा मोजल्या. आमची कुठली ते ओळखता आलं नाही, आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटलं.

खिंड

नऊ वाजून दहा मिनिटांनी एका अरुंद जागी पोचलो. सोंड इथे दोन्हीकडून आवळली आहे. डाव्या हाताला उभा कातळ, उजव्या हाताला मोठमोठ्या धोंडी, मध्ये वाट जेमतेम चार फूट. आणि त्या चार फुटांत काटेरी फांद्या आडव्या पडलेल्या. करवंदीच्या आणि तोरणीच्या, मिळून पाच, एकमेकींत अडकलेल्या.

मला वाटलं, वाऱ्याने पडल्या. नीट पाहिलं असतं तर कळलं असतं की फांद्यांची बुडं कोयत्याने तोडलेली आहेत आणि आसपास करवंदीचं झुडूप नाही. आकडे पाहणाऱ्या माणसाने एवढं पाहायला हवं होतं. पण मी विचार केला तो मागून येणाऱ्यांचा. कुणाच्या पायात काटा जाईल, कुणाच्या डोक्यावर भारा असेल. म्हणून काठीने एकेक फांदी सोडवली आणि उजवीकडच्या धोंडींपलीकडे घळीत ढकलून दिली, पुन्हा वाटेवर येऊ नये अशी. तळहाताला दोन काटे लागले. वाट झाडल्यासारखी साफ झाली. मी तिचा फोटोसुद्धा काढला.

दहाला दहा कमी असताना पठारावर पाय ठेवला.

पठार

पठाराची पहिली दोनशे पावलं कुणीच भेटलं नाही. दूरवर गुरं मोकळी चरत होती, राखण्या दिसत नव्हता. आमच्याकडे जनावर एक तर दावणीला असतं, नाही तर माणसाच्या नजरेखाली. इथे भात घरात आलं की गुरं सोडून देतात आणि ती आपापली संध्याकाळी गोठ्यात येतात, हे मी ऐकून होतो, पाहिलं पहिल्यांदाच.

मी धारेधारेने पूर्वेच्या टोकाला गेलो. तिथून पलीकडे महाबळेश्वरचं पठार समोर येतं, एका उंचीला कापल्यासारखं सरळ, आणि मधल्या खोऱ्यात जंगल इतकं दाट की एकही छप्पर दिसत नाही. वारा होता पण बोचरा नव्हता. एका कातळावर मी पाऊण तास नुसता बसलो. घड्याळ पाहिलं नव्हतं, नंतर हिशेब केला तेव्हा पाऊण तास निघाला. कामावर पाऊण तासात एखादी नोंद चुकली असती.

परतताना वाडी लागली. सात घरं, त्यांतल्या चारांना कुलूप. पाचव्या घराच्या अंगणात पेंढ्याच्या उडवीला पाठ लावून एक बाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, काटक. मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला आणि वर बसायला पोतं टाकलं. त्यांचं नाव सोनाबाई. मी काकी म्हणालो. मी डबा उघडला तर त्यांनी आतून नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं आणलं. त्यांनी माझी एक पोळी घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"गव्हाची. मुंबैला माझी सून करतं अशी. कागद खाल्ल्यावानी वाटतं." मग चटणीला बोट लावून म्हणाल्या, "ही मातर बरी हाय."

मुलगा मुंबईत, गोदामात कामाला. गणपती आणि शिमग्याला येतो. त्याचं म्हणणं, आईने आता मुंबईला यावं. दोन बैल गेल्या वर्षी विकले. राहिली एक गाय, पवळी, पहिलटकरीण.

"म्या त्याला बोललंय, पवळी नीट व्याली तर म्या हिथंच ऱ्हानार. नाय तर येते तुज्या मागं. आज-उद्या व्यायची हाय ती. सकाळधरनं नुस्ती फिरतंय, जागा बघत."

"बांधून का नाही ठेवत?"

"बांधल्यावर रातभर हंबरलं ते. म्हटलं सोडू दे, पठार सोडून जातंय कुठं?" त्यांनी शेंगांचं सूप झटकलं. "सोंडेनं आलाव ना? काटी लावलीत ना माघारी?"

हा प्रश्न त्यांनी विचारला तो आपण पाहुण्याला 'प्रवास नीट झाला ना' विचारतो तसा, उत्तराची वाट न पाहता. मी खुशीत सांगितलं की वाटेत काट्या पडल्या होत्या, त्या सगळ्या काढून घळीत टाकल्या, वाट अगदी मोकळी केली.

काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"समद्या?"

"पाचही."

त्या उठल्या. घराच्या मागे जाऊन त्यांनी हाक मारली, "जानू रे! ये जानू! खिंड उघडी हाय!"

मग मला कळलं. पठाराला तिन्ही बाजूंनी कडे आहेत. मागच्या बाजूने येणाऱ्या डांबरी रस्त्यावर फाटक आहे, तेव्हा गुरं खाली उतरू शकतील अशी वाट एकच, ती सोंडेची. खिंडीत काटी असते म्हणून सगळ्या वाडीची गुरं राखण्याशिवाय सुटी राहतात. येणारा-जाणारा काटी बाजूला सारतो, पलीकडे जातो आणि परत ओढून घेतो. खिंडीच्या खाली सुट्या दगडमातीचा घसारा आणि त्याच्या पुढे कापड्याचा वाल. आणि घळीत बिबट्याचा वावर. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दार चार तास दहा मिनिटं उघडं होतं.

जानूभाऊ म्हणजे शेजारचे, काकींचे दीर लागतात. पन्नाशीचे, माझ्याच वयाचे. खांद्यावर कोयता. त्यांनी पठारावरची गुरं नजरेने मोजली. "धाच हायत. पंधरा पायजेत. पवळी नाय." मग माझ्याकडे पाहिलं. "कुठलं?"

"महाड."

"तरीच. म्हाडात घराला दारं नसत्यात काय?"

मी म्हणालो, चूक माझी आहे, मी बरोबर येतो. ते म्हणाले, "यायलाच लागंल. तुमाला कोन सोडतंय?"

पुन्हा खिंड

खिंडीपर्यंत उतरायला पंचवीस मिनिटं लागली. काकी अनवाणी आणि सर्वांत पुढे. खिंडीच्या खाली मातीत खुरं उमटलेली होती, खाली जाणारी. जानूभाऊंनी शेणाच्या एका पोवावर काडी टोचली. "वर साय धरलीय, आत वलं हाय. दीड-दोन घंटे झालं." चार गुरं खालच्या गवतातच दिसली. पवळी नव्हती.

जानूभाऊ ती चार वळवायला उतरले. मी मागे निघालो तर म्हणाले, "तुमी नाय. तुमी हिथं ऱ्हावा. गुरं वर गेल्यावर परत कुनी खाली येता कामा नाय. काटी तर तुमी घळीत घातलीव, आता तुमीच काटी."

मी खिंडीत उभा राहिलो. एक हात कातळाला, दुसऱ्या हातात काठी आडवी. गुरं आली तेव्हा अंग चोरून वाट दिली आणि गेल्यावर पुन्हा मध्ये आलो. त्यातला एक पाडा दोनदा माघारी फिरला, दोन्ही वेळा मी हात पसरून ओरडलो. तिसऱ्यांदा त्याने मला नीट पाहिलं आणि चरायला लागला.

जानूभाऊ नव्या काट्या तोडायला पठाराच्या कडेला गेले. काकी खाली घळीच्या काठाकाठाने हाका मारत होत्या. "ये गो पवळे! ये गो माजे बाय!" हाक घळीत जायची आणि तशीच परत यायची. मी तिथे पाऊण तास उभा होतो. सकाळी धारेवर बसलो होतो तोही पाऊण तासच, पण हा सरत नव्हता. त्या बाई मुंबईत एका खोलीत गव्हाच्या पोळ्या खात बसल्या आहेत असं सारखं डोळ्यांपुढे येत होतं, आणि त्याला कारण मी. दुसऱ्या कुणाच्या पायात काटा जाऊ नये म्हणून.

तीनला दहा कमी असताना काकींचा आवाज बदलला. हाक नव्हती, कुणाशी तरी समजावून बोलणं होतं. जानूभाऊंनी आणलेल्या काट्या खिंडीत टाकल्या, बुडं कातळाच्या फटीत खुपसली, शेंडे दुसऱ्या बाजूच्या धोंडीखाली दाबले, आणि आम्ही दोघे उतरलो.

घळीत एका जांभळाखाली पवळी उभी होती. तांबडी, लहान चणीची. व्यायली होती. वासरू तिच्याखाली नव्हतं. उतारावरून घसरून चार हात खाली दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं होतं, ओलं, मान टाकलेलं. जानूभाऊ एक पाऊल पुढे गेले तर पवळीने शिंगं खाली केली.

"सरू नको रे," काकी म्हणाल्या. "पहिली येळ हाय तिची, भ्यालंय ते." त्या पवळीच्या मानेला हात लावून तिथेच राहिल्या, आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी खालनं जावा. हळू."

मी खालच्या अंगाने दगडांपर्यंत पोचलो. हात पुढे केले तेवढ्यात काकी वरून ओरडल्या, "नुस्त्या हातानं नको! साबनाचा वास हाय तुमच्या अंगाला. तिनं नाय वळखलं तर पाजनार नाय." त्यांनी खांद्यावरची जुन्या लुगड्याची घडी खाली फेकली. तिला धुराचा आणि गोठ्याचा वास होता. ती दोन्ही हातांवर पसरून मी वासरू उचललं. जिवंत होतं. छाती हलत होती, पण मिनिटाला किती ते मोजायचं मला सुचलं नाही.

वजन पंधरा किलोच्या आसपास असावं. खिंड तिथून शंभर मीटर वर, आणि खिंडीपासून गोठा आणखी दोनशे. एकूण तीनशे मीटर चढ मी त्या दिवशी दुसऱ्यांदा चढलो, या वेळी दोन्ही हात अडकलेले. जानूभाऊ घ्यायला पुढे आले तर काकींनी अडवलं. "बदलू नका रे मानसं. एकाकडंच ऱ्हाऊ दे." सहा वेळा थांबलो. पवळी माझ्या पाठीशी नाक लावून चालत होती. थांबलो की ढुशी द्यायची.

"बघा, गाय हाकतेय तुमाला," जानूभाऊ म्हणाले. "जल्मात असा गुराखी नाय बघितला."

काकी हसल्या नाहीत.

गोठा

सव्वाचारला गोठ्यात पोचलो. वासरू पेंढ्यावर ठेवलं. पाडी होती. पवळी जवळ आली, तिने हुंगलं आणि एक पाऊल मागे सरली. पुन्हा हुंगलं, पुन्हा मागे. वासराने मान उचलायचा प्रयत्न केला, ती पडली.

काकींनी कोंडा आणला, त्यात मीठ घातलं आणि वासराच्या अंगाला चोळलं, पाठीपासून तोंडापर्यंत. मग आम्हाला दोघांना बाहेर जायला सांगितलं. मी दाराच्या कुडापाशी बसलो. कुडाच्या फटीतून आतलं दिसत होतं. जानूभाऊंनी तंबाखू मळली, मला विचारलं, मी नको म्हणालो.

"नाय चाटलं तर?" मी विचारलं.

"तर रातीपत्तर जातं वासरू. मग वयनी जातंय मुंबैला." पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं, "चार घरं अशीच बंद झाली. कुनाचं काय निमित्त, कुनाचं काय."

सतरा मिनिटं काहीच झालं नाही. मग जिभेचा आवाज आला, खरखरीत, लाकडावर किसणी फिरवावी तसा. पवळी मिठासाठी चाटत होती. जानूभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. ती मिठासाठी पाठ चाटत गेली, मग मान, मग कान, आणि जिथे मीठ नव्हतं तिथेही चाटायला लागली. वासरू पुढच्या गुडघ्यांवर आलं, पडलं, पुन्हा आलं. चौथ्यांदा उभं राहिलं. काकींनी त्याचं तोंड सडाला नेऊन लावलं. पवळीने पाय झाडला नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी पाडी चीक प्यायली.

काकी बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत कोंड्याने भरलेले. त्यांनी जानूभाऊंना फोन लावायला सांगितला. पलीकडून मुलगा काहीतरी बोलत राहिला, काकींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाडी हाय. पितंय. आता शिमग्याला या सगळी." आणि फोन परत दिला. खिंडीचं किंवा माझं नाव त्यांनी काढलं नाही.

मी माफी मागितली. दुपारपासून तिसऱ्यांदा. त्यांनी हाताने ते बाजूला केलं. मी पिशवी उचलली. कापड्यात गाडी होती, उतरायला दीड तास, आणि उजेड सव्वा तासाचा; टॉर्च होता.

"चीक न्यायला या दोन दिसांनी," काकी म्हणाल्या.

माझी पुढची सुट्टी सात दिवसांनी, तोवर चीक संपलेला असेल असं मी सांगितलं.

"मग ताक प्यायला या."

"येईन. पण डांबरी रस्त्याने गाडी घेऊन येतो काकी. तुमची खिंड पुन्हा उघडायला नको."

"नाय," त्या म्हणाल्या, आणि दिवसात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रस्त्यानं नको. सोंडेनंच या."

मी सोंडेने उतरलो, आणि खिंडीतून पलीकडे जाऊन काटी परत ओढून घेतली.